ऐकणारे आणि बहिरे वाण

जिवाणूंच्या परस्परसंदेशवहनाचा अभ्यास बाहेरून रेणूंचा आणि जनुकांचा अभ्यास वाटत असला, तरी प्रयोगशाळेत तो सर्वप्रथम वेळेचा अभ्यास ठरतो. एकच वाण एकाच माध्यमात, एकाच तापमानाला वाढवूनही सकाळी शेजाऱ्याला धक्का न लावणारा आणि दुपारी त्याच शेजाऱ्याचा संहार करणारा आढळू शकतो. मधल्या काही तासांत फ्लास्कमध्ये नेमके काय बदलले, याचा शोध घेण्यातच या विषयात काम करणाऱ्यांची उमेदीची वर्षे जातात. प्रस्तुत लेखिकेच्या कामाचा बहुतेक भाग या मधल्या तासांवरच खर्च झाला आहे, आणि पुढील विवेचनात पुस्तकी माहितीच्या जोडीने जे काही आले आहे, ते त्या तासांतून हाती लागलेले आहे.

मूळ यंत्रणा थोडक्यात सांगता येते. जिवाणूची प्रत्येक पेशी एक लहानसा रेणू तयार करून बाहेर सोडत राहते. पेशी विरळ असतात तेव्हा तो रेणू भोवतालच्या द्रवात पसरून नाहीसा होतो, पेशी दाटतात तेव्हा तो साचतो, आणि त्याची तीव्रता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेशीतील ग्राही प्रथिने त्याला पकडून जनुकांचा एक मोठा संच चालू किंवा बंद करतात. या प्रकाराला फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी १९९४ मध्ये ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव दिले. मराठी वाचकाला ‘कोरम’ हा शब्द गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेमुळे चांगलाच परिचित आहे, म्हणून ‘कोरमची जाणीव’ असे म्हटले की अर्थ चटकन पोचतो; परंतु सोयीचा असूनही हा शब्द काहीसा फसवा आहे. सभेत सचिव सह्या मोजतो, आणि संख्या भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करतो. जिवाणूंमध्ये मोजणारा कोणी नसतो. प्रत्येक पेशीला कळते ती फक्त स्वतःच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या रेणूंची तीव्रता, त्यामुळे अरुंद फटीत अडकलेल्या मूठभर पेशींना गर्दीचा प्रत्यय येऊ शकतो आणि वाहत्या पाण्यातील कोट्यवधी पेशी एकाकीपणेच वागत राहू शकतात. रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये हाच आक्षेप नेमकेपणाने मांडला होता, आणि ज्याने एकच कल्चर शेकरवर आणि शेकरबाहेर वाढवून पाहिले आहे त्याला तो पटायला वेळ लागत नाही.

हा विषय रूढ अर्थाने नवा नाही. अलेक्झांडर टोमाझ यांनी १९६५ मध्येच न्यूमोकॉकस या जिवाणूच्या पेशी संप्रेरकासारखा एक पदार्थ सोडून एकमेकींना परका डीएनए स्वीकारण्यास सिद्ध करतात, असे दाखवले होते. १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातील प्रकाशमान जिवाणू पुरेशी दाटी झाल्याखेरीज उजेडाचे साहित्य तयारच करीत नाहीत, हे सिद्ध केले. १९८१ मध्ये त्या प्रकाशामागील संदेशरेणूची रचना उलगडली. तरीही जिवाणू म्हणजे स्वतःपुरते जगणारे सुटे जीव ही समजूत दीर्घकाळ टिकली, आणि त्यामुळे या निष्कर्षांकडे समुद्रातील एका चमत्कारिक जीवाची गंमत म्हणून पाहिले गेले, ही या शास्त्राच्या इतिहासातील खेदाची गोष्ट होय.

संदेशरेणू ‘पाहण्याची’ प्रयोगशाळेतील सर्वांत साधी आणि सर्वांत देखणी पद्धत जांभळ्या रंगाची आहे. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा उष्ण प्रदेशांतील माती-पाण्यात आढळणारा जिवाणू व्हायोलासीन नावाचे जांभळे रंगद्रव्य तयार करतो, आणि तेही आपल्या संदेशरेणूची तीव्रता पुरेशी झाल्यावरच. त्याचा सीव्ही०२६ हा उत्परिवर्ती वाण स्वतः संदेशरेणू तयार करू शकत नाही, मात्र बाहेरून मिळालेला ओळखू शकतो; म्हणून तो कोमट, पातळ अगारमध्ये मिसळून प्लेटमध्ये ओततात, अगारला भोके पाडून त्यांत तपासावयाचा अर्क भरतात, आणि दुसऱ्या दिवशी पांढुरक्या प्लेटवर एखाद्या भोकाभोवती जांभळे वलय उमटले तर तेथे संदेश होता असे समजतात. या कामात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिले वलय उमटल्यावर होणारा आनंद अतिशय निर्मळ असतो आणि त्याला कधीही हसू नये. परंतु ही पद्धत जितकी सुंदर तितकीच नाजूक आहे. या गटातील संदेशरेणूंमध्ये लॅक्टोन नावाचे एक वलयाकार बंधन असते. पोषक माध्यमात जिवाणू रात्रभर वाढले की माध्यम अल्कधर्मी होत जाते, त्या अल्कतेत ते बंधन उघडते, आणि उघडलेला रेणू ग्राही प्रथिनाला ओळखू येत नाही. कल्चर जितके जास्त दाट, तितका संदेश जास्त, अशा सरळ हिशोबाने रात्रभर ठेवलेल्या फ्लास्कमधून अर्क काढणाऱ्याच्या हाती यामुळेच कोरी प्लेट येते. प्रस्तुत लेखिकेच्या सुरुवातीच्या काळातील अनेक आठवडे अशा कोऱ्या प्लेटांनी व्यापले होते, आणि अर्कापूर्वी माध्यमाचा सामू मोजावा, तो सातच्या आसपास राखणारे बफर वापरावे, ही अगदी प्राथमिक वाटणारी सवय हाताला लागेपर्यंत त्या वाणावर मुकेपणाचा शिक्का बसला होता.

कोरी प्लेट म्हणजे शांतता नव्हे, हा धडा पुढे दुसऱ्या वाटेनेही मिळतो. सीव्ही०२६ला आखूड कार्बनसाखळीचे रेणू ओळखता येतात. लांब साखळीचे रेणू त्याच्या ग्राही प्रथिनाला चिकटतात खरे, पण चालू करण्याऐवजी ते रोखून धरतात. त्यामुळे लांब साखळीचा संदेश शोधायचा असल्यास आधी संपूर्ण प्लेट जांभळी होईल अशी व्यवस्था करून तीत पांढरी वलये शोधावी लागतात. पटकीच्या जिवाणूच्या बाबतीत तर हे दोन्ही मार्ग निरुपयोगी ठरतात, कारण व्हिब्रिओ कॉलरी ही भाषाच वापरत नाही. त्याचे प्रमुख संदेशरेणू दोन आहेत: एक मुख्यतः व्हिब्रिओ कुळात चालणारा, सीएआय-१ नावाचा, ज्याची रचना २००७ मध्ये निश्चित झाली, आणि दुसरा एआय-२, जो एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या अनेक जिवाणूंमध्ये आढळतो. एआय-२ मोजण्यासाठी प्रकाशमान व्हिब्रिओचा खास तयार केलेला वाण वापरतात आणि अंधाऱ्या खोलीत किंवा यंत्राच्या बंद कप्प्यात त्याचा उजेड मोजतात. तेथेही माध्यमात थोडी साखर शिल्लक असली तरी उजेडाचा हिशोब बिघडतो. कान ज्या भाषेसाठी घडवला आहे तीच त्याला ऐकू येते, आणि ‘संदेश आढळला नाही’ हे वाक्य वहीत लिहिताना ‘या कानाला’ हे दोन शब्द जोडण्याची शिस्त प्रत्येक प्रयोगशाळेने पाळावी, असे लेखिकेचे आग्रहाचे मत आहे.

पटकीचा जिवाणू या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचे कारण असे की, गर्दीची जाणीव, शेजाऱ्यांवरील हल्ला आणि विषाणूंपासूनचा बचाव हे तीनही धागे त्याच्यात एकाच गाठीला येऊन मिळतात. पेशी विरळ असताना लक्सओ नावाचे प्रथिन क्रियाशील असते, ते चार लहान आरएनए रेणूंची निर्मिती करवते, आणि हे रेणू हॅपआर या प्रमुख नियंत्रकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करीत राहतात. पेशी दाटल्या की ही साखळी उलटते, लक्सओ थंडावते आणि हॅपआर वर येते. अनेक रोगकारक जिवाणू गर्दी झाल्यावर विष तयार करतात, तर पटकीचा जिवाणू गर्दी झाल्यावर विषनिर्मिती आणि चिकटून राहण्याची व्यवस्था आवरती घेतो व एक प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, बाहेर सोडतो. आतड्यात थोड्या संख्येने शिरून, चिकटून, वाढून, जुलाबाबरोबर पुन्हा पाण्यात परतणाऱ्या जीवाच्या आयुष्यक्रमाशी हे सुसंगत आहे. मात्र त्याच हॅपआरकडे आणखी एक खाते आहे, आणि ते युद्धाचे आहे.

हे युद्ध ज्या शस्त्राने लढले जाते त्याला सहाव्या प्रकारची स्रवणप्रणाली म्हणतात. जॉन मेकालॅनोस यांच्या गटाने २००६ मध्ये पटकीच्या जिवाणूतच ती ओळखली. आवरणात बसवलेली एक लांब नळी, तिच्या टोकाला टोकदार प्रथिन, आणि त्यावर लावलेली विषारी प्रथिने अशी ही रचना असून, आवरण काही सहस्रांश सेकंदात आकसते आणि नळी शेजारच्या पेशीत घुसते. जिवाणूंना मारणाऱ्या फेज विषाणूंच्या शेपटीशी या यंत्राचे उघड साम्य आहे. स्वतःच्या भावंडांचे असे वार झेलण्यासाठी प्रत्येक पेशीजवळ त्या विषावरचे प्रतिरोधक प्रथिन असते. ज्याच्याकडे नेमके ते प्रतिरोधक नाही तो मरतो. हे शस्त्र स्पर्शाच्या अंतरावरच चालते, म्हणून द्रव माध्यमात शेकरवर हलणाऱ्या कल्चरमध्ये ते व्यर्थ जाते. प्रयोगात मारेकरी आणि भक्ष्य, बहुधा प्रतिजैविकाला दाद न देणारा ई. कोलाय, ठरावीक प्रमाणात मिसळून त्या मिश्रणाचा थेंब अगारवर ठेवतात, काही तासांनी तो थेंब खरवडून, दहापट-दहापट विरळ करीत, फक्त भक्ष्यच वाढू शकेल अशा प्लेटवर टाकतात आणि वाचलेल्या कॉलनी मोजतात.

प्रयोग वर्णनात सोपा आहे, हातात तसा नाही. मारेकरी वाण रात्रभराच्या दाट कल्चरमधून घेतला की ताज्या, अर्धवट वाढलेल्या कल्चरमधून, थेंब अगारवर पूर्ण सुकला की ओला राहिला, प्लेट त्याच दिवशी ओतलेली होती की चार दिवस जुनी, या प्रत्येक फरकाने वाचलेल्या कॉलनींची संख्या दसपटीने मागेपुढे होते. शिवाय १९६१ पासून जगभर पसरलेल्या सातव्या महामारीच्या वाणांमध्ये साध्या पोषक माध्यमात हे शस्त्र जवळजवळ म्यानातच असते. ते बाहेर काढायला गर्दीबरोबर दुसरीही एक खूण लागते, आणि ती खूण म्हणजे चिटिन, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील मुख्य द्रव्य. समुद्रात आणि खाडीत हा जिवाणू अशा कवचांवर वस्ती करतो. २००५ मध्ये असे दिसून आले की चिटिनवर वाढताना तो परका डीएनए आत घेण्यास सिद्ध होतो, आणि २०१५ मध्ये मेलनी ब्लोकेश यांच्या लोझानच्या गटाने दाखवले की डीएनए घेण्याची ही सिद्धता आणि शेजाऱ्याला भोसकण्याचे शस्त्र एकाच नियंत्रणाखाली चालू होतात. चिटिनमुळे टीफॉक्स नावाचा नियंत्रक येतो, गर्दीमुळे हॅपआर येतो, आणि दोघांच्या संयोगाने क्यूएसटीआर हा तिसरा नियंत्रक जागा होऊन मारण्याची आणि लुटण्याची अशी दोन्ही यंत्रे चालवतो. शेजारी फुटतो, त्याचा डीएनए बाहेर पडतो, मारेकरी तो आत ओढतो. याच्या आधी आणखी एक बारकावा पुढे आला होता: विरळ असताना हा जिवाणू बाहेरचा डीएनए चिरडणारे विकर स्रवतो, आणि गर्दी झाल्यावर हॅपआर ते विकर बंद करतो. लूट हाती यायच्या वेळी ती नासवणारा हात आधी आवरला जातो. या विषयातील सर्व यंत्रणांमध्ये लेखिकेला सर्वाधिक थक्क करणारी यंत्रणा हीच आहे, आणि वर्गात ती शिकवताना प्रत्येक वेळी आवाज थोडा चढतो.

शस्त्र आणि संदेश यांतील सीमा नेहमी इतकी स्पष्ट नसते. दुधात वाढणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण नायसिन नावाचे ३४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तयार करतात. १९२८ पासून त्याच्या जिवाणुरोधक गुणाची नोंद आहे आणि चीज टिकवण्यासाठी ते आजही वापरतात. हे नायसिन शेजारच्या जिवाणूंच्या पटलाला छिद्रे पाडते, आणि तेच नायसिन स्वतःच्या कुळातील पेशींच्या ग्राही प्रथिनाला चिकटून आणखी नायसिन तयार करण्याची आज्ञाही देते. विष हीच हाक आहे. आदल्या रात्रीच्या दह्याचा चमचा कोमट दुधात ढवळून ठेवणाऱ्या घरात या कुळातील जिवाणूंची सकाळपर्यंत काय चढाओढ चालते, याची कल्पना करणे अवघड नाही. अर्थात विरजणातला प्रत्येक वाण नायसिन तयार करतोच असे नाही.

संशोधकांच्या बोलण्यात ‘भाषा’, ‘संवाद’, ‘संभाषण’ हे शब्द सहज येतात, आणि या विवेचनातही ते टाळता आलेले नाहीत. तथापि संदेश पाठवणाऱ्याच्या हितासाठीच ऐकला जातो, असे त्यातून सूचित होते आणि वस्तुस्थिती तशी नाही. जांभळ्या क्रोमोबॅक्टेरियमचे ग्राही प्रथिन आपल्याखेरीज इतरांचेही रेणू ओळखते. २०१२ मध्ये चँडलर, ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हा जिवाणू बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस या मातीतील प्रतिस्पर्ध्याबरोबर एकत्र वाढवला. दोघेही गर्दी झाल्यावर एकमेकांविरुद्ध प्रतिजैविके सोडणारे. क्रोमोबॅक्टेरियम मात्र प्रतिस्पर्ध्याच्या संदेशांवर कान ठेवून आपले शस्त्र आधीच उपसू शकतो, आणि त्याचा त्याला लाभ होतो, असे त्या प्रयोगांत दिसले. जी प्लेट विद्यार्थी वर्षानुवर्षे ‘शोधक’ म्हणून वापरतात, तिच्यातील जांभळा रंग मुळात चोरून ऐकण्याच्या या क्षमतेचेच चिन्ह आहे. आपल्या सोयीसाठी बनवलेले उपकरण आणि जिवाणूने आपल्या लढाईसाठी घडवलेले उपकरण एकच असल्याचे लक्षात आल्यावर त्या प्लेटकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

गर्दीचे दुसरे संकट फेजचे. फेज पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी विरळ असतील तर पुढचे भक्ष्य सापडेपर्यंत तो भरकटतो, दाट असतील तर एका फुटलेल्या पेशीतून निघालेले सर्व फेज क्षणार्धात शेजाऱ्यांवर पडतात. म्हणजेच संदेशरेणूची तीव्रता ही पेशीसाठी साथीचा धोका मोजण्याचीही पट्टी ठरते, आणि बचावाची खर्चीक साधने तिला जोडलेली असणे अपेक्षितच होते. तशी ती जोडलेली असल्याचे पुरावे मात्र बरेच उशिरा मिळाले. २०१३ मध्ये ई. कोलायमध्ये असे आढळले की बाहेरून आलेला संदेशरेणू मिळाल्यावर पेशी आपल्या पृष्ठभागावरील लॅम्डा फेजचे ग्राही प्रथिन कमी करते, म्हणजे दारेच कमी ठेवते. माशांना रोग आणणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलारमविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम अधिक बोलके आहे: गर्दी असताना तो फेजचे ग्राही प्रथिन आवरतो, आणि गर्दी नसताना पेशींचे पुंजके करून बचाव साधतो, धोका एकच असूनही त्यावरची युक्ती संख्येनुसार बदलते. पटकीच्या जिवाणूत गर्दीनंतर स्रवणारे प्रोटिएज फेजला निष्प्रभ करते, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. १९२०च्या दशकात फेलिक्स देरेल यांनी भारतात पटकीवर फेजचा उपाय करून पाहिला होता. रोग्याच्या शरीरात जिवाणूंची दाटी किती आहे आणि त्यांना ती जाणवते आहे का, हा प्रश्न विचारण्याची साधने त्या काळी कोणाकडेही नव्हती.

२०१६च्याच सुमारास क्रिस्पर-कॅस ही प्रणालीही गर्दीच्या संदेशाशी जोडलेली असल्याचे उघड झाले. ही प्रणाली म्हणजे जिवाणूची स्मरणशक्ती असलेली प्रतिकारशक्ती. पूर्वी येऊन गेलेल्या फेजच्या डीएनएचे तुकडे ती आपल्या गुणसूत्रात जपून ठेवते आणि तोच शत्रू पुन्हा आला की तुकड्याशी जुळणारा भाग कापून टाकते. ती सतत चालू ठेवणे परवडत नाही: चुकून स्वतःचाच डीएनए कापला जाण्याची भीती असते, आणि उपयोगी पडू शकणारा परका डीएनएही दारातच नष्ट होतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात पीटर फिनरन यांच्या गटाने २०१६ मध्ये सेरॅशियात, आणि नंतरच्या वर्षी हॉयलंड-क्रोग्सबो, बॅसलर व सहकाऱ्यांनी स्युडोमोनास एरुजिनोसात दाखवले की गर्दीचा संदेश मिळाल्यावर ही प्रणाली वाढवली जाते. सेरॅशियात एक दमनकारी प्रथिन एरवी कॅस जनुकांवर बसून असते आणि संदेशरेणू त्याला तेथून उठवतो. निरोप मिळाला नाही तर पेशी मारण्यातही मागे पडते आणि नव्या शत्रूंची नोंद करण्यातही. प्रयोगाच्या टेबलावर याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. प्लाक, म्हणजे फेजने मारलेल्या जिवाणूंमुळे प्लेटवर पडणारे स्वच्छ ठिपके, मोजताना भक्ष्य जिवाणू कोणत्या ओ.डी.ला घेतला, म्हणजे कल्चर किती गढूळ असताना घेतला, हे लिहिले नसेल, तर त्या वाणाची फेजरोधकता किती या प्रश्नाचे कोणतेही उत्तर खरे म्हणून खपून जाते.

फेज मुकेपणाने बळी शोधत हिंडतात हीही समजूत आता मावळली आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत रोटेम सोरेक यांचा गट फेजची लागण झाल्यावर बॅसिलस जिवाणू एकमेकांना सावध करतात का, हे शोधत होता. हाती आले ते वेगळेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात फेजच सहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड मागे सोडून आपल्या पुढच्या पिढीला इथे पुष्कळ बळी झाले, आता पेशी फोडू नका, गुणसूत्रात दडून बसा, अशी सूचना देताना आढळले. पुढे २०१९ मध्ये सिल्पे आणि बॅसलर यांनी व्हीपी८८२ हा व्हिब्रिओंचा फेज जिवाणूच्या स्वतःच्या संदेशरेणूचे ग्राही प्रथिन बाळगतो आणि गर्दी झाल्याचे कळल्यावर दडण्याचे सोडून फोडण्याकडे वळतो, असे दाखवले. बचाव चालू करण्यासाठी पेशी जी खूण वापरतात, तीच हल्ला चालू करण्याचीही खूण ठरते. बचावाच्या प्रयोगात संदेशरेणू बाहेरून टाकला आणि जिवाणू अधिक वाचण्याऐवजी अधिक फुटले, असा निकाल आल्यास पूर्वी तो चुकीचा प्रयोग म्हणून टाकून दिला जाई; आज जिवाणूच्या गुणसूत्रात कोणता फेज दडून बसला आहे, हे आधी तपासावे लागते.

आता शीर्षकातील बहिरेपणाकडे. लेखिकेच्या कामात सर्वाधिक काळ खाल्ला तो एका नामांकित वाणाच्या नळीने. वाणाचे नाव बरोबर, प्रतिजैविकांना मिळणारा प्रतिसाद बरोबर, वाढ उत्तम. परंतु चिटिनवर कितीही दाट वाढवला तरी तो शेजाऱ्याला मारत नव्हता आणि डीएनएही घेत नव्हता. माध्यम बदलले, कोळंबीच्या कवचाची पूड बदलली, थेंब सुकवण्याची वेळ बदलली, आणि मारेकरी वाण बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी आला, कारण तो वाण प्रतिष्ठित होता. अखेर एका साध्या चाचणीने उलगडा झाला. दुधाची भुकटी घातलेल्या अगारची प्लेट धूसर पांढरी दिसते; हॅपआर कार्यरत असलेला वाण तिच्यावर प्रोटिएज स्रवतो, दुधातील प्रथिने तोडतो आणि कॉलनीभोवती पारदर्शक वलय पाडतो, तर हॅपआर मुका पडलेल्या वाणाच्या कॉलनीभोवती दूध तसेच पांढरे राहते. त्या नळीतील जिवाणूंभोवती वलय नव्हते. जनुकक्रम वाचल्यावर संदेश ऐकणाऱ्या साखळीत एकच अक्षर बदललेले सापडले, आणि त्या एका अक्षराने हॅपआर कायमचा दाबला गेला होता.

हे एकाच प्रयोगशाळेचे दुर्दैव नव्हते. २०१६ मध्ये स्टुट्झमन आणि ब्लोकेश यांनी सी६७०६ या, जगभर वापरल्या जाणाऱ्या वाणाचा संदेशप्रणाली बिघडलेला उपप्रकार त्याच नावाने ठिकठिकाणी वावरत असून त्यामुळे महत्त्वाचे गुणधर्म झाकले जातात, असे दाखवले. त्याही आधी, २००० मध्ये ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला तो १९७५ मध्ये बांगलादेशात रुग्णाकडून मिळालेला एन१६९६१ हा वाणच हॅपआर मोडलेला असल्याचे लक्षात आले होते. पटकीच्या जिवाणूचा नमुना म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तो स्वतः गर्दी झाल्याचे हॅपआरपर्यंत पोचवू शकत नव्हता.

असे वाण का वरचढ होतात, याचे उत्तर स्युडोमोनासवरील कामात स्पष्ट मिळते. संदेश ऐकून विकरे आणि विषे स्रवणे खर्चाचे काम आहे, आणि त्यांचा लाभ न ऐकणाऱ्या शेजाऱ्यालाही मिळतो. म्हणून ऐकण्याचे जनुक मोडलेला उत्परिवर्ती फुकटात जगतो आणि पिढ्यांगणिक त्याचा वाटा वाढतो. दीर्घकाळ आजारी फुप्फुसांतून मिळणाऱ्या स्युडोमोनासमध्ये लासआर हे ग्राही जनुक मोडलेले वाण वारंवार सापडतात. यावर तोडगाही त्याच प्रणालीत आहे: २०१५ मध्ये ग्रीनबर्ग यांच्या गटाने दाखवले की संदेश ऐकणाऱ्या पेशी सायनाइड सोडतात आणि त्याबरोबर सायनाइड सहन करण्याची व्यवस्थाही चालू करतात, ऐकू न येणाऱ्यांकडे मात्र ती व्यवस्था अपुरी पडते. प्रयोगशाळेतील फ्लास्क असा कोणताही पहारा ठेवत नाही. तेथे भरपूर अन्न, अखंड ढवळणे, शत्रू नाही, फेज नाही, आणि दर आठवड्याला सर्वांत जोमदार कॉलनी उचलून पुढच्या माध्यमात टाकणारा एक हात आहे. बहिरेपणाला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही, आणि तो हात संशोधकाचा असतो हे मान्य करणे जड जात असले तरी आवश्यक आहे.

त्या नळीनंतर कामाची रीत बदलली. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेला कोणताही वाण प्रयोगात जाण्यापूर्वी दुधाच्या प्लेटवर टाकला जातो, वहीत ओ.डी., सामू, फ्लास्कचा आकार आणि त्यातील माध्यमाचे प्रमाण यांच्याबरोबर वाण स्टॉकमधून काढल्यापासून किती वेळा पुढे नेला, याचा एक रकाना असतो, आणि तो रिकामा सोडलेल्या पानावरचा आकडा आलेखात घेतला जात नाही. नव्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा केवळ वाढीचा आलेख काढण्यात घालवावा लागतो, दर अर्ध्या तासाला नमुना, सकाळपासून रात्रीपर्यंत. कंटाळवाणे काम आहे, पण कोणत्या वेळी आपल्या हातात कोणता जीव आहे हे त्याखेरीज कळत नाही. वलय न पाडणारी नळी मात्र फेकलेली नाही. तिच्यावर तारखेसह ‘बहिरा’ असे लिहून ती मूळ वाणाशेजारच्याच खणात ठेवलेली आहे, कारण रुग्णांकडून आणि पाण्यातून मिळालेल्या वाणांमध्येही असे बहिरे अधूनमधून निघतात, आणि तो बदल आतड्यात झाला, खाडीत झाला की पहिल्या प्लेटवर उचललेल्या कॉलनीत झाला, हे वेगळे ओळखण्यासाठी तुलनेला असा एक वाण लागतो, ज्याचा बहिरेपणा फ्लास्कमध्येच आला हे निश्चित ठाऊक आहे.